पुरुष नसलेलं जग, 40 हजारांत: विनोदी विज्ञान-लघुपट कसा करावा

काही ग्रामपंचायतींच्या कचेरीत सरपंचबाईंच्या खुर्चीला लागून आणखी एक खुर्ची असते. ती कुठल्याच नियमात बसत नाही. तिच्यावर सरपंचपती बसतात, आलेल्या माणसाशी तेच बोलतात आणि बाई सही करतात. उद्या जगातले सगळे पुरुष नाहीसे झाले तर त्या खुर्चीचं काय होईल, असा प्रश्न आमच्या लिहिण्याच्या बैठकीत निघाला. मैत्रिणीची आई पलीकडे शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "काय व्हायचंय? खुर्ची तिथंच राहील. बाया तिला नमस्कार करूनच आत येतील."

आमचा 14 मिनिटांचा लघुपट त्या वाक्यातून निघाला. त्याच्या आधी आमच्याकडे दोन महिने नुसती कथानकं होती: विषाणू, प्रयोगशाळा, अंतराळयान. त्यातलं एकही आमच्या खिशाला परवडणारं नव्हतं. खुर्ची मात्र प्लास्टिकची होती आणि मंडपवाल्यानं ती फुकट दिली.

या विषयाची गंमत इथेच आहे. माणूस गेला तरी त्याची जागा, त्याचा रकाना, त्याच्यासाठी केलेला रिवाज मागे राहतो, आणि मागे राहिलेलं दाखवायला पैसे लागत नाहीत. पैसे नसताना खरी मेहनत वेगळ्याच गोष्टीला लागते: दिवसभर चौकटीत एकही पुरुष येऊ न देणं. ते किती अवघड आहे ते पुढे सांगतेच. तुमच्याकडे एक बरा मोबाइल, तीन सुट्टीचे दिवस आणि ऐकून घेणाऱ्या आठ-दहा बायका असतील तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

पायरी पहिली: पुरुष गेले कसे, ते एका वाक्यात लिहा

एका वाक्यात. दुसरं वाक्य लागलं तर कथा चुकली असं समजा. विज्ञानकथेत एक खोटी गोष्ट चालते. ती मान्य करून घ्यायची आणि बाकी सगळं खरं ठेवायचं. दुसरी थाप मारली की प्रेक्षक पहिलीचाही हिशोब मागतो.

रातोरात सगळे पुरुष मेले असं धरलं तर प्रेतं दाखवावी लागतात, शोक दाखवावा लागतो, आणि विनोद तिथेच संपतो. त्यापेक्षा "दीडशे वर्षांपासून फक्त मुलीच जन्माला येत आहेत" हे स्वस्त आणि सोयीचं. कुणी मारलं नाही, कुणी मेलं नाही. पुरुष म्हातारे होत होत संपले. दीडशे वर्षांत लोकांना कशाचीही सवय होते, आणि आपल्याला ती सवयच दाखवायची आहे.

मग मुली होतात कशा? इथे निसर्ग तुमच्या बाजूने उभा आहे. आपल्या अंगणातल्या कुंडीत गांडुळासारखा दिसणारा, काळपट, वीतभर लांबीचा एक निरुपद्रवी साप निघतो. त्याला वाळा म्हणतात. त्याच्या या जातीत नर सापडतच नाही. सगळ्या माद्या, त्या नराशिवाय अंडी घालतात, त्यातून पुन्हा माद्याच निघतात, आणि कुंड्यांच्या मातीतून हे घराणं जगभर पसरलं आहे. आम्ही लघुपटाची सुरुवात एका खऱ्या कुंडीच्या चित्रानं केली. पुढची थाप पचायला तेवढं पुरलं.

सस्तन प्राण्यांत हे आपोआप होत नाही. कारण काही जनुकं फक्त बापाकडून आलेल्या प्रतीतूनच काम करतात, काही फक्त आईकडून आलेल्या. दोन्ही प्रती आईच्याच असल्या तर गर्भ पुरा वाढत नाही. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी जनुकात फेरफार करून दोन माद्यांच्या बीजांपासून एक उंदरीण जन्माला घातली आणि तिचं नाव ठेवलं कागुया, लोककथेतल्या, बांबूत सापडलेल्या मुलीवरून. म्हणजे तुमची एकुलती एक थाप अशी: कागुयाच्या बाबतीत शेकडो प्रयत्नांनी जमलं, ते माणसात आपोआप जमू लागलं. पात्राच्या तोंडी हे 20 सेकंदांत बसवा. जास्त समजावत बसलात तर शाळेची फिल्म होईल.

आणि हे सगळं आपल्याला नवीन आहे असं समजू नका. 1819 च्या 'नवनाथ भक्तिसारा'त स्त्रीराज्य आहेच. तिथे मारुतीच्या भुभुःकारानं गर्भ राहतो आणि मुलाचा गर्भ टिकत नाही, अशी पक्की व्यवस्था सांगितली आहे. विज्ञानकथेला लागतं तेवढं कारण त्यात आहे. मच्छिंद्रनाथ त्या राज्यात रमतात आणि गोरखनाथ स्त्रीवेष घेऊन, मृदंग वाजवत त्यांना सोडवायला येतात. 'चलो मच्छिंदर गोरख आया' आपण अजून म्हणतो, पण त्यामागे पुरुष नसलेलं एक अख्खं राज्य आहे हे विसरतो. प्रभातने कोल्हापुरात असताना 1932 मध्ये 'माया मच्छिंद्र' काढला. शांताराम दिग्दर्शक, गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ आणि दुर्गा खोटे राणी. मराठी बोलपटाच्या पहिल्याच वर्षात हे जग पडद्यावर येऊन गेलंय.

याच पायरीवर आणखी एक प्रश्न मिटवून टाका: तुमच्या जगात 'पुरुष' म्हणजे नेमकं कोण? गुणसूत्रावर बोट ठेवलंत तर तृतीयपंथीयांचं काय, हे कुणीतरी विचारणारच, आणि विचारावंच. आम्ही एका पात्राला एक ओळ दिली: "शासनाला तीन वर्षं लागली ठरवायला, की आम्हाला मोजायचं कुठं. तोवर आम्ही कारभार बघितला." ती ओळ तृतीयपंथी कलाकारानंच लिहिली आणि म्हटली. आम्ही लिहिलेली ओळ तिनं वाचून बाजूला ठेवली होती.

पायरी दुसरी: उरलेल्या गोष्टींची यादी करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. आम्ही तीन आठवडे दिले. एक वही घ्या आणि आठवडाभर आपल्याच गावात हिंडून एवढंच टिपा: पुरुष गेला तर इथे काय उरेल? नवीन काय येईल ते लिहू नका. उडत्या मोटारी तिथूनच सुरू होतात.

लोकलच्या डब्यावरची 'फक्त महिलांसाठी' ही पाटी. सगळ्याच प्रवासी बायका झाल्यावरही ती तशीच, आणि बायकाही सवयीनं त्याच डब्यात कोंबलेल्या, शेजारचा डबा मोकळा. एसटीचं तिकीट: 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. पुरुष नसतील तर पुरं तिकीट फक्त भाडेपत्रकावर उरेल आणि कंडक्टरबाई वर्षानुवर्षं प्रत्येकीला विचारत राहील, "हाफ का?" रेशनकार्ड: 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली मोठी बाईच कुटुंबप्रमुख. म्हणजे तिथे काहीच बदल नाही, आणि काहीच बदल नाही हाच विनोद. त्या खिडकीवरची बाई आमच्या लघुपटात एवढंच म्हणते: "आमच्याकडं कळालंच नाही."

मग अर्ज. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नोंदीत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्रात आला. तुमच्या जगात तिसरा रकाना कायमचा रिकामा आहे. पण संगणक रिकामा रकाना घेत नाही, म्हणून गेली दीडशे वर्षं सगळ्या मुलींच्या नावात मधे 'लागू नाही' लिहिलं जातं. शाळेत हजेरी घेताना बाई मोठ्यानं म्हणतात, "सई मंगल लागू नाही पाटील!" मुलगी म्हणते, "हजर!" या प्रसंगाला आम्हाला एक फळा, एक हजेरीपट आणि नऊ मुली लागल्या. सगळ्यात मोठा हशा त्यालाच आला.

सणांकडे जरा जपून आणि जरा धीटपणे जा. वटपौर्णिमेला सात जन्म हाच नवरा मिळो म्हणून फेऱ्या मारायच्या. नवराच नसेल तर? आमच्यातल्या एका आजींनी पटकन सांगितलं, "फेऱ्या सोडायच्या नाहीत. गुडघे मोकळे होतात." हळदीकुंकवाचा प्रश्न मात्र खोल निघाला. आजवर त्यातून विधवांना बाहेर ठेवलं. पुरुषच नसलेल्या जगात एकतर सगळ्याच बाहेर किंवा सगळ्याच आत. त्या प्रसंगात आम्ही एकही विनोदी ओळ घातली नाही. कुंकवाचा करंडा फिरतो, एक म्हातारी सवयीनं मान मागे घेते, पुढची तिच्या कपाळाला बोट लावते, करंडा पुढे जातो. 14 मिनिटांत एवढा एक प्रसंग न हसण्याचा ठेवा. त्यानं बाकीचं हसू घट्ट होतं.

उखाण्यांशिवाय ही यादी पुरी होणार नाही. नाव घ्यायचा आग्रह तर होणारच, मग नाव कुणाचं घ्यायचं? आमच्या बायकांनी जागेवर रचलेले दोन:

देवापुढे लावली समई, वात ठेवली जोडीला,
नाव कुणाचं घेऊ बाई, हप्ता गेला गाडीला!

नाव घ्या नाव घ्या म्हणून धरलाय सगळ्यांनी हट्ट,
सातबाऱ्यावर माझंच नाव, पक्कं आणि घट्ट!

आता भाषा. मराठी व्याकरणात 'मी' हा प्रथम पुरुष, 'तू' द्वितीय पुरुष, 'ती'सुद्धा तृतीय पुरुष. विहिरीचं पाणी पुरुषभर. उपलब्धी झाली की तो पुरुषार्थ. शिक्षिका फळ्यावर 'तृतीय पुरुष' लिहिते आणि एक मुलगी विचारते, "बाई, पहिले दोघं कुठं गेले?" हा विनोद इंग्रजीत होणारच नाही. कोल्हापूरकडच्या बायका तर सर्रास 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. म्हणजे जगातून पुरुष संपले तरी व्याकरणातला पुल्लिंगी प्रत्यय पंचगंगेच्या काठी धडधाकट! आम्ही एका भाषाशास्त्रज्ञ पात्राला त्याच्या शोधात कोल्हापूरला पाठवलं.

वहीत शंभर गोष्टी जमल्या की त्यातल्या बारा ठेवा. काय टाकायचं ते सांगते. बायका साडीवरून भांडतात, गाडी मागे घेता येत नाही, गुपित टिकत नाही: हे विनोद पुरुष असलेल्या जगातले आहेत, आणि शिळेही आहेत. उलट, पुरुष गेले आणि स्वर्ग अवतरला हेही टाका. तुमच्या जगातही लाच असेल, सासू असेल, नळाला पाणी दोन दिवसांआडच येईल.

पायरी तिसरी: एक पुरुष आणायचा का?

हा मोह प्रत्येकाला होतो. पोलंडमध्ये 1984 साली आलेल्या 'सेक्समिस्या' या गाजलेल्या विनोदी चित्रपटात दोन पुरुष 1991 मध्ये प्रयोग म्हणून गोठवले जातात आणि 2044 मध्ये जमिनीखालच्या बायकांच्या जगात जागे होतात. मच्छिंद्रनाथांचीही चाल तीच. अडचण अशी, की पुरुष आत शिरला की कथा त्याची होते आणि बाकीच्या सगळ्या जणी त्याच्याकडे बघण्याच्या कामाला लागतात. 2015 च्या 'नो मेन बियाँड धिस पॉइंट' या कॅनडातल्या चित्रपटानं थोडी वेगळी वाट काढली: जगातला सर्वांत तरुण पुरुष 37 वर्षांचा आहे आणि तो एका घरी घरकाम करतो. सगळं माहितीपटाच्या थाटात.

बंगाली लेखिका रुकय्या सखावत हुसेन यांनी तर 1905 मध्येच मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये 'सुलतानाज ड्रीम' लिहून हा प्रश्न निकालात काढला होता. तिथले पुरुष मर्दान्यात (जनान्याच्या उलट, पुरुषांच्या दालनात) कोंडलेले असतात, बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, हवेतून फिरतात आणि राज्य चालवतात. पुरुषाला नायक करायची गरजच पडत नाही.

माझं मत: 15 मिनिटांच्या आतल्या लघुपटात पुरुष आणूच नका. त्याची नुसती अफवा ठेवा. अफवेला मानधन द्यावं लागत नाही.

पायरी चौथी: माहितीपटाचं सोंग घ्या

कमी पैशात हे रूप सर्वांत सोयीचं. कॅमेरा हलला तर खरं वाटतं, उजेड कमी असला तर खरं वाटतं, पात्र अडखळलं तर फारच खरं वाटतं. मुलाखती, जुने फोटो, कचेरीतला कागद, आणि मधे मधे रोजचं काम करणाऱ्या बायका, एवढ्यावर जग उभं राहतं.

संहितेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. 14 पानांवर थांबा. मुलाखतींचे शब्दन् शब्द लिहू नका. प्रत्येकीला तीन मुद्दे आणि एक पक्की ओळ द्या. बाकी तिच्या बोलीत येऊ द्या. आमची रेशनवाली मालवणी बोलली, आणि लिहिलेल्यापेक्षा दुप्पट चांगलं बोलली. मुलाखत घेणारा आवाज बाईचाच हवा. हे उघड आहे, पण आमच्या पहिल्या तालमीत प्रश्न मित्रच विचारत होता आणि अर्धा तास कुणाच्या लक्षात आलं नाही.

पायरी पाचवी: कलाकार

1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. तो चित्रपट म्हणजे बायका नसलेलं जगच होतं. तुमची अडचण तितकी मोठी नाही.

भिशी, बचत गट, भजनी मंडळ, मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या गटांकडे जा. मंगळागौरीत सासू-सुनेची, नवरा-बायकोची सोंगं करणाऱ्या बायकांची वेळेची जाण अचाट असते. फक्त त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: हसवायचं नाही. समोरचा हसेल म्हणून थांबायचं नाही. बँकेत केवायसी करायला गेल्यासारखा चेहरा ठेवा, असं सांगितलं की जमतं. साठीच्या पुढच्या निदान तीन जणी घ्या, कारण 'माझ्या आजीनं एक पाहिला होता' हे वाक्य त्यांच्याच तोंडी शोभतं.

मानधन देता येत नसेल तर आधीच स्पष्ट सांगा. जेवण, येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेवर सोडणं, यात कुचराई करू नका. चारला घरी सोडतो म्हणालात तर चारला सोडा. तिच्या घरी अजून पुरुष असलेलं जग आहे आणि तिथे चहा व्हायचा असतो.

पायरी सहावी: पैसे

हातात 40 हजार आहेत असं धरू. मी वाटणी अशी करीन: जेवणखाण 12 हजार, आवाजाचं सामान आणि तो टिपणारा माणूस 10 हजार, प्रवास 5 हजार, छपाई आणि पाट्या 5 हजार, हार्ड डिस्क 4 हजार, हाताशी राखून 4 हजार. कॅमेऱ्याला शून्य, कारण मोबाइल आहे. चित्र जरा डावं असलं तर प्रेक्षक खपवून घेतो. आवाज वाईट असला तर उठून जातो. जेवणाचा आकडा बघून हसू नका. दुपारच्या गरम जेवणानं तिसऱ्या दिवशीचं काम वाचतं.

पायरी सातवी: जागा झाडून घ्या

आता ते अवघड काम. गावात कॅमेरा लावून एकदा बघा: पुरुष सगळीकडे आहेत. चौकात चार, पानपट्टीवर सहा, आणि डोक्यावर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस. शुभेच्छुकांचे गोल फोटो तर दुरूनही ओळखू येतात. फ्लेक्स काढायला जाऊ नका, त्यातून वेगळीच विज्ञानकथा सुरू होईल. कॅमेरा खाली झुकवा, किंवा आडोशाला वाळत घातलेली साडी आणा. दोन साड्या आणि एक दोरी हे आमच्या कलाविभागाचं सर्वांत कामाचं सामान होतं.

पहाटे शांत असेल म्हणून सहाला जाऊ नका. दूधवाले, पेपरवाले, फिरायला निघालेले आजोबा, सगळे तेव्हाच बाहेर असतात. बाजारपेठेतला रस्ता हवा असेल तर रविवारी दुपारी दोन ते चार. गाव जेवून आडवं झालेलं असतं. त्यातही दोन टोकांना दोन जणी उभ्या करा आणि येणाऱ्याला हात जोडून दोन मिनिटं थांबवा. "काका, पुरुष नसलेल्या जगाचं शूटिंग चाललंय" असं सांगितलं की बहुतेक काका थांबतात, आणि मग तिथून हलतच नाहीत.

घराच्या आतही बघा. भिंतीवरचे हार घातलेले फोटो मात्र राहू द्या. तुमच्या जगात पुरुषाला तेवढीच जागा आहे. खुंटीवरची पँट, दारातल्या मोठ्या चपला, मोरीतलं दाढीचं सामान काढा. नोटेवरचे गांधीजी राहतीलच. महापुरुषांचे पुतळे चौकटीत आले तर आदरानं येऊ द्या, त्यांच्यावर विनोद बेतू नका.

परवानगीचं थोडक्यात: खासगी घर आणि सोसायटी असेल तर मालकाची किंवा सचिवांची लेखी परवानगी. एसटी स्टँड, रेल्वे, सरकारी कचेरी इथे त्या त्या कार्यालयाची आधी परवानगी लागते आणि वेळ जातो. आम्ही लोकलचा डबा सोडून दिला आणि 'फक्त महिलांसाठी' ही पाटी छापून वाचनालयाच्या बाकावर लावली. जास्त हसू आलं.

एवढं सगळं करूनही आमचा एक माणूस आलाच. समोरच्या गच्चीवर, बनियनवर, अख्खी मुलाखत होईपर्यंत कपडे वाळत घालत उभा. संकलनाला बसल्यावर दिसला. ती आजी पुन्हा यायला तयार नव्हती आणि तिच्यासारखं पुन्हा कुणी बोलणारही नव्हतं. मग आम्ही एक नवी ओळ मुद्रित करून तिथे टाकली: "समोरच्या गच्चीवर कधी कधी काहीतरी दिसतं म्हणतात. मी बघत नाही तिकडं." अफवा आम्हाला अशी मिळाली.

पायरी आठवी: चित्रण आणि आवाज

मोबाइलमध्ये सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. फ्रेम आणि शटर तिच्याशी जुळले नाहीत तर ट्यूबलाइटखाली चित्र फडफडतं. फोकस, उजेड आणि रंग लॉक करा, नाहीतर पात्र हललं की फोन आपल्या मनानं सगळं बदलतो. फ्लाइट मोड चालू. लेन्स सुती कापडानं पुसा. रोज सकाळी, विसरायचं नाही. पात्राला खिडकीच्या कडेला बसवा, पाठ खिडकीकडे करून नको.

कॉलरचा माइक पदराला लावू नका, सळसळ येते; ब्लाउजच्या कडेला किंवा मंगळसूत्राच्या वर टेपनं चिकटवा. (मंगळसूत्र तुमच्या जगात आहे का, हेही ठरवा. आमच्या जगात ते सोन्यातली गुंतवणूक म्हणून टिकलं.) पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की स्कूटीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. प्रत्येक जागेचा 30 सेकंदांचा नुसता शांत आवाज मुद्रित करून ठेवा; संकलनात सांधे बुजवायला तो लागतोच.

चित्रातून पुरुष काढणं सोपं, आवाजातून महाकठीण. भंगारवाल्याची हाक, रिक्षावरचा भोंगा, शेजारच्या टीव्हीवरचा बातम्यावाला, आणि तुमचाच सहायक खोकतो तो. दर प्रसंगानंतर हेडफोन लावून डोळे मिटून ऐका. पुरुषी आवाज आला की लगेच पुन्हा घ्या. हे घरी जाऊन सुधारत नाही.

पायरी नववी: संकलन आणि दाखवणं

डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. पहिल्या जुळणीत आमची 26 मिनिटं झाली. मुलाखतीत उत्तर संपल्यावर पात्र गप्प बसतं, ते दोन सेकंद ठेवा. विनोद बऱ्याचदा तिथेच असतो. हसण्याचा आवाज आणि टुणटुण संगीत घालू नका. गाणी हवी असतील तर भजनी मंडळाकडून पारंपरिक ओवी म्हणून घ्या. चित्रपटातलं गाणं उचललंत तर हक्कांचा प्रश्न येतो.

बाहेरच्या महोत्सवाला पाठवायचं तर इंग्रजी उपशीर्षकं लागतील, आणि तिथे 'तृतीय पुरुष' मरणार हे धरून चाला. आम्ही त्या जागी दुसराच विनोद लिहिला. सिनेमागृहात जाहीर प्रदर्शन करायचं असेल तर 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉरचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

पहिला खेळ आम्ही गच्चीवर पांढरी चादर लावून केला. श्रेयनामावलीत युनिटमधल्या चार पुरुषांची नावं त्याच जगाच्या नियमानं दिली होती: स्वतःचं नाव, आईचं नाव, मग 'लागू नाही', मग आडनाव. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाचे वडील पहिल्या रांगेत होते. नामावली सरकून गेली, दिवे लागले, बायका टाळ्या वाजवत होत्या. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "छापताना काही चुकलंय का ओ?"